तीन किंवा कमी

११ ऑक्टोबर, बुधवार

आज टपालात एक जाड पाकीट आलं. एकतीस वर्षं मी या खोऱ्यात टपाल वाटलं, त्यामुळे पाकीट हातात घेतल्यावर आत काय आहे हे मला बहुधा कळतं. बिल, लग्न, मयत, वर्गणी. हे मात्र काही कळेना. पत्ता हाताने लिहिलेला, आणि आश्चर्य म्हणजे माझं आडनाव अगदी बरोबर. लोक आयनबो लिहितात, आयनेबर्ग लिहितात, दवाखान्यातल्या पोरी तर मनाला येईल ते लिहितात. यावर स्वच्छ अक्षरात, ओगोत आयनेबू.

पाठवणारी कोणी माइकेन हान्सन, राहणार द्रामेन. हिला माझं आडनाव हवंय! शेजारणीकडे शिडी मागावी तसं मागितलंय. तिची पणजी म्हणे आमच्या आयनेबूच्या शेतावर होती. आडनाव लावणारे दोनशेच्या आत असले तर त्या सगळ्यांच्या सहीशिवाय ते दुसऱ्याला घेता येत नाही, कायदाच आहे तसा. तेव्हा 'कृपया सोबतच्या अर्जावर सही करावी'. अर्ज मी उलगडलासुद्धा नाही. सगळं उचलून खणात टाकलं.

हान्सन पन्नास हजार आहेत या देशात. त्यात एक कमी झाली तर कुणाला कळणार? पण आमच्यात एक घुसली तर लगेच गर्दी होईल. आमच्यात म्हणजे माझ्यात. मी धरून एक. हालग्रिमला मी धरत नाही.

१२ ऑक्टोबर

बर्गितला सांगितलं. बर्गित ओल्सन, माझ्या दाराला दार लागून राहते, वय ऐंशी, कान शाबूत, तोंडही शाबूत.

"दे की मग," म्हणाली. "तुझं काय जातंय? तू लग्न केलं नाहीस, पोर नाही, बाळ नाही. तू गेलीस की नाव गेलं. ती बिचारी ठेवतेय तर ठेवू दे."

"नाव काय रद्दी आहे, कुणी उचलून न्यायला?"

"माझं बघ. ओल्सन म्हणजे ओलेचा मुलगा. ऐंशी वर्षांची बाई मी, तीन पोरं झाली, आणि नावात मुलगा! तेही कुठल्या ओलेचा, देवाला ठाऊक. फोनवर 'ओल्सन' म्हटलं की समोरचा विचारतो, कुठली? तुझं बरंय बाई. फोन उचलून 'आयनेबू' म्हणतेस, तुला कोण विचारणार कुठली म्हणून?"

मी म्हटलं, तेच तर. विचारायची गरज पडत नाही.

आमच्या नावाचा अर्थच तो. 'आयन' म्हणजे एक, 'बू' म्हणजे राहण्याची जागा. आयनेबू, एकट्याचं बिऱ्हाड. शाळेत पोरं चिडवायची, आयनेबू आली, तिच्या बाकावर कुणी बसू नका रे. आई म्हणायची, चिडू नकोस, खरंच आहे ते. आयनेबूची माणसं एकटीच राहायची, जागेचा गुण आहे.

दुपारी ओढ्याकडे जाऊन आयनेच्या फांद्या तोडून आणल्या. लाकडी भांडी धुवायला आयनेच्या काढ्यासारखं दुसरं काही नाही. दुकानातल्या साबणाचा वास लाकडाला लागतो तो पुढे लोण्याला लागतो. बर्गित म्हणते, तू लोणी करतेस कुठे आता? नाही करत. पण भांडी आहेत ना!

१५ ऑक्टोबर, रविवार

आज खण उघडला तो चष्म्याच्या डबीसाठी. अर्ज आपोआप वर आला.

उलगडला. खाली 'सध्याचे नावधारक' म्हणून दोन रकाने. एकात माझं नाव, सहीची जागा रिकामी. दुसऱ्यात सही झालेली आहे. हालग्रिम आयनेबू, वार्दो.

म्हणजे तो आहे.

मला हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, वही माझीच आहे. हालग्रिम जिवंत आहे की नाही हे मला गेली कित्येक वर्षं माहीत नव्हतं. दर जानेवारीत आकडेवारी खात्याच्या पानावर कुठलंही आडनाव टाकलं की ते किती जणांचं आहे हे कळतं. पूर्वी आमचे चार दिसायचे. मी, चुलती गुडनी, तिची सिग्ने, आणि तो. गुडनीकाकी गेली आणि चाराचे तीन झाले, तर आकडाच नाहीसा झाला. चारच्या खाली आकडा सांगत नाहीत. 'तीन किंवा कमी' एवढंच येतं. मग सिग्ने गेली. तेव्हाही तीन किंवा कमी. दर वर्षी मी बघायची. दोन की एक, ते पान काही बोलायचं नाही. मी बघायची ती नावासाठी, त्याच्यासाठी नव्हे.

सही थरथरलेली आहे. पण शेवटच्या अक्षराला वेलांटीसारखी शेपटी, बाबांची होती तशीच. आणि खाली त्याने एक ओळ लिहिली आहे. 'माझी हरकत नाही, पण बहिणीचं हो हवं. नाव तिने राखलंय.'

मेल्याने एकोणीस वर्षांत माझ्यासाठी लिहिलेली ही पहिली ओळ, आणि तीही दुसरीच्या अर्जावर.

२१ ऑक्टोबर, शनिवार

भांडण काय होतं ते एकदा लिहूनच टाकते.

तो थोरला, म्हणून शेत त्याचं. तो गेला पार उत्तरेला, वार्दोला, मासळीच्या कारखान्यात. शेतावर राहिले मी, आणि आईचं दुखणं काढलं मी. आई गेली त्या वर्षी तो आला, चार दिवस राहिला, आणि सुट्टीची घरकुलं बांधणाऱ्या लोकांना सगळा उतार विकून टाकला. कागदावर सही केली ती आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी भांडी घासत होते. तो म्हणाला, "ओगोत, तू एकटी इथे म्हातारी होशील, ते मला बघवणार नाही." मी म्हटलं, "तुला बघायला कोण बोलावतंय?" आणि पुढे म्हटलं, "शेत गेलं तसं नावही ठेव इथेच. आजपासून तू आयनेबू नाहीस."

त्याने टोपी घेतली आणि गेला. मी खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही. भांडी मात्र दोनदा घासली.

मला वाटलं होतं, नाव टाकून दिलं असेल त्याने. नाही टाकलं.

द्रामेनच्या बाईला चिठ्ठी लिहिली, सही करण्याआधी समोर ये, तोंड दाखव.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आली. सोबत सहा वर्षांची मुलगी, तिरिल. पुढचे दोन दात पडलेली. घरात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "आजी, तुझ्याकडे मांजर का नाही?"

माइकेन चौतीसची असेल. चांगली आहे, उगाच गोड बोलत नाही. हान्सन हे नवऱ्याचं. "नवरा गेला, ओगोतमावशी, नाव मागे राहिलं. रोज दारावर वाचायचं म्हणजे पायातल्या खड्यासारखं टोचतं." गेला म्हणजे मेला नाही, दुसरीकडे राहायला गेला.

मी आधी सरळच सांगितलं. "तुझी पणजी आमच्याकडे गुरं राखायला होती. ती आयनेबूला होती, आयनेबू नव्हती. त्यात फरक आहे."

तिने पिशवीतून चर्चच्या वहीची नक्कल काढली. तिथे लिहिलंय, मारित आयनेबू. "तेव्हा जो जिथे राहील ते त्याचं आडनाव, मावशी. मालक असो की गडी. शेत बदललं की नाव बदलायचं. पुढे सरकारने एकच नाव धरून ठेवायला लावलं, तेव्हा ती लग्न होऊन गेली होती."

"गडी ते गडी," मी म्हटलं. "आम्ही रक्ताचे."

"मग हे कोण?" तिने दुसरं पान सरकवलं. आस्लाक रूई, पुढच्या पानावर लग्न, त्याच्या पुढच्या पानावर आस्लाक आयनेबू.

आस्लाक म्हणजे माझे आजोबा. माझे आजोबा घरजावई! आजीच्या शेतावर राहायला आले, आणि रूई दारात काढून ठेवून आयनेबू झाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनाही कदाचित ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. मी कॉफी ओतली.

तेवढ्यात तिरिल नाक वर करून म्हणाली, "कसला वास येतोय?"

शेगडीवर पातेल्यात फांद्या उकळत होत्या. म्हटलं, "आयनेचा."

माइकेनने कप खाली ठेवला. "कशाचा?"

"आयनेचा गं. काटेरी झुडूप, निळी निळी फळं येतात. मटणाला धुरी द्यायला वापरतो ते."

"आम्ही शहरात त्याला आयनर म्हणतो."

"शहरात काहीही म्हणतात. इथे आयनेच."

ती मग हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्या शेतामागे काय उगवायचं?"

काय उगवायचं! आयनेच. सगळा उतार भरलेला. बाबा दर वसंतात उपटायचे आणि शिव्या घालायचे, एक उपटलं की दहा येतात म्हणून. मी हे बोलले, आणि बोलता बोलता थांबले.

तिच्याकडे चारशे वर्षांपूर्वीच्या शेतसाऱ्याच्या यादीची नक्कलही होती. त्यात आमचं नाव कसं लिहिलंय ते तिने बोट ठेवून दाखवलं. एकट्याचं बिऱ्हाड नव्हे. आयनेच्या झुडपांतलं घर.

"म्हणजे आजीचं नाव झुडूप आहे?" तिरिलने विचारलं, आणि दोन दातांच्या फटीतून हसली.

२९ ऑक्टोबर

शहात्तर वर्षं! शहात्तर वर्षं मी तोंडाने आयने म्हणतेय, आयने तोडतेय, आयने उकळतेय, आणि आडनावाचा अर्थ विचारला की 'एकटी' सांगतेय. आईने सांगितलं, मास्तरांनी सांगितलं, पोरांनी चिडवलं. त्या उतारावर उभं राहून एकालाही खाली बघायचं सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो आख्ख्या घराण्याने घातला.

मला रडू नाही आलं, राग आला. गेर्मुंड आठवला. एकाहत्तर साली टपाल कचेरीत माझ्याबरोबर होता. दोन वेळा विचारलं त्याने मला. मी म्हटलं होतं, "आयनेबूच्या बायकांना जोडीने जमत नाही, नावातच आहे." केवढ्या दिमाखात म्हटलं होतं! त्याने पुढे एका ओल्सनशी लग्न केलं.

नावामुळेच नाही म्हटलं असंही नाही. भीती वाटली होती. पण नाव हाताशी होतं, तेच पुढे केलं.

३ नोव्हेंबर

सही केली. हालग्रिमच्या सहीच्या वरच माझी. दोन आयनेबू एका कागदावर, कितीतरी वर्षांनी. पाकीट स्वतः पेटीत टाकायला गेले, दोनदा झाकण वाजवून बघितलं.

बर्गित म्हणाली, "आता एक जानेवारीपर्यंत मरू नकोस म्हणजे झालं. मोजतात ना त्या दिवशी?"

मोजतात. मी, हालग्रिम, माइकेन, तिरिल. चार होतात. आकडा परत येईल.

२० नोव्हेंबर

माइकेनचा फोन. नाव मंजूर झालं. तिरिलने सगळ्या वह्यांवर लिहून टाकलंय म्हणे, आणि एका सोफ्याच्या पाठीवरही.

मग थोडी घुटमळली. "हालग्रिमकाकांना कळवायला फोन केला होता. ते इस्पितळात होते, किर्केनेसला. छातीचं काहीतरी. त्यांनी मला तुम्हाला सांगू नकोस म्हटलं होतं."

"मग सांगतेस कशाला?"

"त्यांनी पाच वेळा तुमची चौकशी केली म्हणून."

त्यांचा नंबर तिने दिला. मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. फोन केला नाही. इतकी वर्षं न बोलता काढली, आता आजारी पडला म्हणून धावायचं, म्हणजे त्याला वाटेल मरायला टेकलाय म्हणून आली. आणि खरं सांगायचं तर, फोन वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही तर?

४ डिसेंबर

वार्दोला झाड नाही. एक नाही. वाऱ्यात काही तगतच नाही तिथे. हे मला टपालातल्या एका पोराने सांगितलं होतं, त्यानंतर कित्येक दिवस माझ्या मनातून गेलं नव्हतं. हालग्रिम लहानपणी तासन् तास त्या झुडपांत लपायचा. मी शोधायला गेले की हातभर ओरखडे घेऊन यायची, आणि आई मलाच बोलायची.

ओढ्याकडून आयनेची चांगली फळं धरलेली फांदी आणली. ओल्या कापडात गुंडाळली, खोक्यात घातली, सोबत चिठ्ठी. चिठ्ठी पाच वेळा लिहिली. शेवटी एवढंच ठेवलं.

'हालग्रिम, आयनेबू म्हणजे एकट्याचं घर नव्हे. हे बघ काय ते. ओगोत.'

२४ डिसेंबर, रविवार

नाताळची तांदळाची खीर केली. रीत आहे म्हणून एक बदाम टाकला. ज्याच्या वाटीत बदाम येईल त्याला बक्षीस. वाटी एकच. बदाम मलाच मिळाला, आणि तरी मी मोठ्याने "अरेच्चा!" म्हटलं. बक्षीस म्हणून आणलेलं साखरेचं डुक्कर शेजारी बर्गितकडे नेलं, तर ती पोराकडे गेलेली. परत आणलं. टेबलावर बसलंय माझ्याकडे बघत.

वार्दोहून काही नाही.

१ जानेवारी, सोमवार

आहे. मी आहे. आज मोजतात. बर्गितने दार वाजवून विचारलं, "जिवंत?" म्हटलं, "लिहून घे."

९ जानेवारी

खोकं परत आलं.

'नेले नाही, पाठवणाऱ्यास परत.' तो शिक्का मी स्वतः हजारदा मारलाय. त्याचे तीनच अर्थ असतात. माणसाने जागा बदलली, माणसाला घ्यायचं नाही, किंवा माणूस नाही. वाटपाला होते तेव्हा असं खोकं ज्याचं त्याला परत देताना मी नेहमी म्हणायची, "जागा बदलली असेल हो." बायका मान हलवायच्या. आता कळतं, एकीचाही विश्वास बसत नसणार.

फांदी सुकली आहे. फळं खोक्याच्या तळाला.

त्याला काही झालं तर मला कोण कळवणार? बहीण आहे हे तिथे कुणाला माहीत? माइकेनला विचारावं म्हटलं, पण तिला तरी कोण सांगेल? नंबर कॅलेंडरच्या मागे आहे. कॅलेंडर नवीन वर्षाचं लावलं, जुनं टाकलं नाही. दोनदा फोनपाशी गेले. हात जात नाही. भीती वाटते, साधी सरळ भीती. इतकी वर्षं दिवस काढता आले ते 'दोन की एक' हे माहीत नव्हतं म्हणूनच. फोन केला की माहीत होईल.

१७ जानेवारी

मी त्याला म्हटलं होतं, आजपासून तू आयनेबू नाहीस. त्याने ते ऐकलं नाही, बरं झालं. माझं कधीच ऐकलं नाही त्याने, तेवढं एक बरं झालं.

२३ जानेवारी, मंगळवार

आज आकडे येणार होते. सकाळी बर्गित आली, मी तिला घरात घेतलं नाही. म्हटलं, नंतर ये.

पान उघडलं. नाव लिहिण्याआधी मनात हिशेब केला. मी एक. माइकेन दोन. तिरिल तीन. तो गेला असेल तर 'तीन किंवा कमी' येणार, दर वर्षी येतं तसं, आणि मला कळायचं ते कळणार.

टंकताना एक अक्षर चुकलं. 'हे नाव सापडत नाही' आलं. पुन्हा टंकलं, एकेक अक्षर बोटाने मोजत.

आयनेबू. हे आडनाव असलेल्या व्यक्ती: ४.

चार. मी ते मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं. चार म्हणजे तो आहे. एक तारखेला तरी होता.

एक तारखेला होता, पण आज तेवीस. हे डोक्यात आलं तशी उठलेच. चष्मा विसरले, जुनं कॅलेंडर उलटं धरलं, नंबर एकदा चुकला, कुठल्या तरी मासळीच्या दुकानात लागला. "माफ करा," म्हटलं आणि पुन्हा फिरवला.

वाजला. पाच वेळा. सहा. मी मोजत होते. नवव्यांदा उचलला. आधी खोकला आला, मग लांबून, म्हातारा झालेला, पण बाबांसारखाच आवाज.

"आयनेबू."

काय काय बोलायचं ठरवलं होतं! इस्पितळ, खोकं, शेत, माफी. फोनवर जे म्हणायची सवय आहे तेवढंच तोंडातून निघालं.

"आयनेबू," मी म्हटलं.

पलीकडे पुन्हा खोकला. मग त्याने विचारलं, "कुठली?"

किती वर्षांनी हे मला कुणी विचारलं.